बोरीच्या पानांचं पाणी

फेरीबोट धोपाव्याला टेकली होती,
जेटीवर बांगड्याचे क्रेट उतरत होते,
तेव्हा मैमूनाखाला दारात आली.
"सफूरा, आज दुसरे हात हवेत. चल."

मी पार्लरचं शटर अर्धं ओढलं.
बोटांत दोरा तसाच गुंडाळलेला,
दातात धरायचं टोक अजून ओलं.

वीस वर्षांत या बाईने मला एकदाच विचारलं होतं,
मय्यत धुऊन परतताना, पायरीवर दम खात:
"दोरा तुझा. भुवई कुणाची?"
मी हसले होते. खुर्चीतली नवरीही हसली होती.

नसीम सारंग मागच्या खोलीत होती.
नवरा जहाजावर, कुठल्याशा बंदरात,
त्याला फोन लागत नव्हता.
खालाने चादरीखालून पाणी सोडलं,
आधी उजवी बाजू,
हाताला कापड गुंडाळून,
जिवंत बाईला ओशाळं वाटू नये अशा बेताने.
बोरीची पानं चुरून घातलेलं कोमट पाणी
किंचित फेसाळलं,
भरतीला खाडीची कड फेसाळते तसं.

डावा खांदा आला.
तिथे एक नाव होतं. होतं म्हणजे
कधी काळी गोंदलेलं, मग खरडलेलं,
चुन्याने जाळलेलं.
पहिलं अक्षर तेवढं शिल्लक,
आणि ते तिच्या नवऱ्याच्या नावात कुठेच नव्हतं.

माझा तांब्या थांबला.
खालाचा थांबला नाही.
"किती चरचरलं असेल," एवढंच ती पुटपुटली,
नावाबद्दल नाही,
चुन्याबद्दल.

"घासून निघेल का?" मी कुजबुजले.
"आता काय घासायचं? तिनेच घासलं, जितेपणी.
तो सुरती बघत बसला असता
तर आपण दोघी कुठे उभ्या राहिलो असतो?
दिसलं ते मोरीत सोड, पाण्याबरोबर.
माणूस मेलं म्हणून हया मरत नाही गं,
ती दुसऱ्याच्या हातात येते."

तीन वेळा पाणी. तिसऱ्यात कापूर.
केस माझ्याकडे दिले.
हिच्याच लग्नात मी गंगावन खोचून
मनगटाएवढी वेणी घातली होती,
बायका बघत राहिल्या होत्या.
आज तिचे स्वतःचे, विरळ, कानामागे पिकलेले.
तीन वेण्या, पाठीमागे सोडलेल्या.
बघणारं कुणीच नव्हतं.
इतक्या जपून मी कुणाचे केस बांधले नव्हते.

ओसरीवर नणंद उभी.
"काही दिसलं का?"
खाला ओढणी सावरत म्हणाली, "चेहरा शांत होता."
मग माझ्याकडे बघितलं.
"हो," मी म्हणाले. "शांत होता."

असरनंतर मय्यत गेली.
पार्लरच्या पायरीवर मुकादमांची अफरोज बसलेली,
परवा निकाह,
मोबाइलवर कुणा नटीच्या भुवया.
"सफूराबाजी, अश्शा."

माझ्या बाह्या ओल्या, कापराचा वास.
आरशात माझ्या स्वतःच्या भुवया,
दोन पुसट रेघा.
काही केस परत येत नाहीत.

खाला म्हणते, सूर्य मावळतीकडून उगवेपर्यंत
तौबेचं दार उघडं.
आमच्या दाभोळला मावळती म्हणजे समुद्र,
किबलाही तिकडेच.
रोज मी तिकडे तोंड करून उभी राहते,
मनात अर्धं गिऱ्हाईक, अर्धी नमाज,
आणि रोज तो इमानाने बुडतो
अंजनवेलच्या टेकाडापलीकडे.
म्हणजे अजून वेळ आहे.
किती, ते दोऱ्याला माहीत नाही.

"आधी आत ये," मी पोरीला म्हटलं.
"पाणी पी.
जरा तोंड बघू दे तुझं,
आहे तसं."